भालेरावकाकांची बारा घरं

भालेरावकाका एकच गाणं दोनदा सारखं वाजवत नसत. याचा मला जेवढा वैताग आला, तेवढा बारावीच्या गणिताचाही आला नव्हता.

परळच्या एका रुग्णालयात ते एक्स-रे काढायचे, मी नोंदणीच्या खिडकीवर. संध्याकाळी चाळीतल्या खोलीत ते सॅक्सोफोनवर ब्लूज, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, वाजवत. गावच्या शाळेत मी पेटी शिकलो होतो, म्हणून त्यांनी मला कीबोर्डवर बसवलं. जयंतीच्या कार्यक्रमात साथीला घेतो म्हणाले. मुंबईत मला कुणी आपणहून बोलावलं ते पहिल्यांदाच.

"ब्लूजच्या एका फेरीत बारा घरं आहेत. चाळीच्या गॅलरीतून चाललोय समज," ते सांगत. "प्रत्येक घराची कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबायचे स्वर, ठरलेली. वर काय वाजवायचं ते ज्याचं त्याने. पाचव्यात बिऱ्हाड बदलतं, सातव्यात आपण परत घरी. आठव्यात कोमल रिषभ टाक, नवव्याचं दार आपोआप उघडतं."

"पण काका, तो स्वर यात बसतच नाही!"

"पाहुणा आहे रे. टेकू दे की जरा."

शेवटी मी त्यांचं वादन मोबाइलवर टिपलं, वहीत उतरवलं, तीन आठवडे घोकलं आणि त्यांच्यापुढे जसंच्या तसं वाजवलं. त्यांना आनंद होईल अशी माझी खात्री होती.

"पाठ केलंस?"

"हो!"

"माझंच उष्टं मला वाढतोस होय रे, पदवीधर?"

पुन्हा जायचं नाही असं ठरवलं. तिसऱ्या दिवशी गेलो.

त्यांचा खोकला वाढत होता. जन्मभर दुसऱ्यांच्या छातीचे फोटो काढणारा हा माणूस स्वतःचा काढेना. विनवलं की म्हणायचे, "फुंकतोय ना अजून?"

जयंतीच्या दिवशी दुसऱ्या फेरीतच त्यांना उबळ आली. सॅक्सोफोन बाजूला करून त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "घे!"

समोर माणसं, पुढे बारा घरं मोकळी. घोकलेलं काही आठवेना. हात जातील तिकडे गेलो. आठव्यात कोमल रिषभावर जरा टेकलो, तिथून शुद्धावर सरकलो आणि नववी कॉर्ड लागली. मागून खोकल्यातच आवाज आला, "हां!"

"कसं झालं?" नंतर विचारलं.

"चौथ्यात घाबरलास. दहाव्यात पळालास." ते घोटभर पाणी प्यायले. "पण माझं काही वाजवलं नाहीस."

महिन्याभरात ते गेले. दहाव्यात पळायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं, ते काही सांगून गेले नाहीत.