‘चालू’ म्हटल्याशिवाय नाही

सिग्नल हिरवा झाला की मी अजूनही मोठ्याने म्हणते, “क्लच दाबते, पहिला टाकते.” शेजारचा रिक्षावाला दचकून बघतो. आता माझी गाडी बिनगिअरची आहे, त्यामुळे मी नक्की काय दाबते हा प्रश्न त्यालाच नाही, मलाही पडतो. ही खोड मला आमच्या शेजारच्या सुभेदारकाकांनी लावली. काका जाऊन बरीच वर्षं झाली, खोड काही जात नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही नाशिकरोडला राहायचो. मला घोटीच्या रस्त्याला, फाट्यापासून चार किलोमीटर आत असलेल्या एका शाळेत नोकरी लागली. एसटी मला फाट्यावर सोडायची तेव्हा शाळेत प्रार्थना सुरू झालेली असायची. मी पोचायचे तोवर मुलांचा पाढाही संपलेला असे. महिनाभरात हेडमास्तरांनी बजावलं की वेळेवर या, नाहीतर वर कळवावं लागेल. सासूबाई म्हणाल्या, सोडून दे. नवरा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात सायकलने जायचा, तो सायकलला तेल घालत राहिला. मला मात्र ती नोकरी हवी होती. माझ्या माहेरात पहिल्यांदाच कुणा बाईच्या नावाचा रबरी शिक्का झाला होता.

काका तोफखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी ही हकीकत भिंतीपलीकडून ऐकली. खरं तर आमच्या सासूबाईंनीच ती त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितली होती, कारण तोफांनी त्यांचे कान अर्धे नेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपली हिरवी हातगिअरची स्कूटर घेऊन दारात उभे. कॉलनीतली निम्मी माणसं याच स्कूटरवर शिकली होती. मोबदला एकच: शिकलात की पुढच्या एकाला शिकवायचं.

त्यांची पद्धत फौजेतली होती. तोफेच्या आवाजात कोणी काय ऐकलं याची खात्री नसते, म्हणून हुकूम आला की तो मोठ्याने परत म्हणायचा आणि थांबायचं. ते ‘चालू’ म्हणाले की मगच हात हलवायचा. “क्लच दाबा.” “क्लच दाबते.” “चालू.” घरातही हेच. पाहुणा आला की तीन मुलींपैकी थोरली पाणी, मधली चहा, धाकटी पेपर उचलणार, सगळं हुकमाने. रविवारी तिघींच्या वेण्या स्वतः घालायचे, त्या इतक्या घट्ट की पोरी सोमवारपर्यंत आश्चर्यचकित दिसायच्या. काकूंच्या साड्यांना इस्त्री करायचे. मी नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, फौजेत जायला हवं होतं. मी म्हटलं, अजून भरती चालू आहे.

मी कशी शिकले ते सांगायला नको, पण सांगते. पहिल्या आठवड्यात मी एक कुंपण, एक तुळस आणि काकांच्या पायाचा अंगठा एवढं पाडलं. मुलांना मी भागाकार शिकवत होते आणि स्वतःला डावं-उजवं कळत नव्हतं. काका स्कूटरच्या बाजूने लंगडत चालत आणि म्हणत, “बाई, आपल्याला लय घाई नाय.” ते कधी चिडले नाहीत. चिडायचं काम मीच करायचे, तेही त्यांच्यावर.

लायसन्सच्या परीक्षेला काका स्कूटरसकट माझ्याबरोबर आले आणि मैदानाच्या कडेला निंबाखाली उभे राहिले. मी आठचा आकडा अगदी सुरेख काढला. साहेब म्हणाले, “थांबा.” मी खणखणीत आवाजात म्हटलं, “थांबते!” आणि दुसरी फेरी सुरू केली. साहेबांनी हात वर करून पुन्हा सांगितलं. मी पुन्हा म्हटलं, “थांबते!” तिसऱ्या फेरीला साहेब टेबलाच्या मागे गेले. माझं चुकत कुठं होतं ते मला खरंच कळत नव्हतं, मी तर पुढच्या हुकमाची वाट बघत होते. शेवटी निंबाखालून आवाज आला, “चालू!” मी जागच्या जागी थांबले.

साहेबांनी विचारलं, परीक्षा कोण घेतंय, मी की ते? मी नापास झाले. काका मात्र परतताना खूश होते. बाई हुकमाची पक्की आहे, असं त्यांनी कॉलनीभर सांगितलं. पुढच्या वेळी पास झाले, सेकंडहँड स्कूटर घेतली, आणि नोकरी टिकली. त्यांच्या अटीप्रमाणे मी नवऱ्याला शिकवलं. त्यानंतर आठवडाभर आम्ही बोलत नव्हतो.

दोन हजारनंतर साखरेने काकांची नजर अधू झाली. एकदा ते बाजारात स्कूटरसकट टोमॅटोच्या ढिगात शिरले आणि म्हणाले, घ्यायचेच होते. मुली हवालदिल झाल्या. काकूंचंही ते ऐकेनात. धाकटीने मला फोन केला की तुमचं ऐकतील, किल्ली तेवढी काढून घ्या. ज्या माणसाने मला रस्ता दिला, त्याचाच रस्ता मी बंद करायचा होता. मला ते अजिबात करायचं नव्हतं.

पहिल्या वेळी गेले, भाषण पाठ करून. कांद्याच्या भावावर तासभर बोलले आणि बेसनाचे लाडू घेऊन परतले. दुसऱ्या वेळी काकांनीच माझ्या स्कूटरची क्लचची केबल तपासली, तीही हातानं चाचपत. मी आभार मानून निघून आले. शाळेत मुलांना धीटपणावर धडा शिकवणारी हीच ती बाई.

तिसऱ्या वेळी ते अंगणात स्कूटरजवळ टोपी घालून उभे होते. देवळालीला डोळे दाखवायला जायचं होतं. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, “तीनदा आलात बाई. मला दिसत नाय, पण कळतं.” मग किल्ली धरलेला हात पुढे केला. “किल्ली घ्या.”

सवयीने मी म्हटलं, “किल्ली घेते.” आणि थांबले. त्यांचा हात पुढे, तसाच. त्यांनी स्कूटरच्या सीटवरून एकदा दुसरा तळवा फिरवला. दारात काकू उभ्या होत्या, त्या आत गेल्या. मला रडू येत होतं आणि ते लपवायची माझी तयारी नव्हती.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “चालू.”

ते माझ्या मागे बसले, आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी मागे. देवळालीपर्यंत मी एकेक गोष्ट ओरडून सांगत गेले: क्लच दाबते, दुसरा टाकते, उजवीकडे वळते. लोक बघत होते. आणि दर वेळी मागून, जरा उशिराने, ‘चालू’ येत होतं.