डाव्या बाहीवरचे चिकू

वरोरला समुद्राकडे तोंड करून उभे राहिले, की उजव्या हाताचे तिसरे घर देवकीचे. पत्ता विचारावा लागत नाही. मशीनचा आवाज रस्त्यापर्यंत येतो आणि ओटीवर कोणी ना कोणी बाई कापडाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असते. लग्नसराईत डहाणूपासून तलासरीपर्यंत बायका एकमेकींना विचारतात, "बाही देवकीची का गो?" आणि जिची असते ती खांदा जरा पुढे करते.

हे नाव तिला एका चुकीने मिळवून दिले. ती चूक जिने भर सभेत अंगावर मिरवली, त्या बाईची आठवण काढल्याशिवाय देवकी सकाळी मशीनच्या पायट्यावर पाय ठेवत नाही. देवाचे नाव ती त्यानंतर घेते.

देवकी मूळची धाकट्या डहाणूची, होडीवाल्याची मुलगी. दहावीत गणिताने दगा दिला तेव्हा आईने तिला उंबरगावला मावशीकडे पाठवले. मावशीच्या शेजारी भाविनीबेनचे ब्लाउजचे दुकान होते. भाविनीबेन तोंडाने तिखट, पण कात्री तिच्या हातात पाण्यासारखी चालायची. गिऱ्हाईक सगळे गुजराती बायकांचे. त्यांना लग्नाच्या ब्लाउजवर एकाच बाहीला भरतकाम लागायचे आणि त्या कामाचा नियमही एकच. "डाबी बांय, देवकी, डाबी बांय!" डावी बाही, डावी बाही, असे भाविनीबेन दिवसातून दहा वेळा ओरडायची. डावीच का, हे देवकीने कधी विचारले नाही. सांगितले ते हाताने ऐकले, आणि आठ वर्षे ऐकल्यावर तो हाताचा स्वभाव झाला.

पुढे लग्न होऊन ती वरोरला नारूच्या घरी आली. नारू होडीवर खलाशी. भला माणूस, पण घरात सासूपुढे त्याचा आवाज वर जात नसे. देवकीने माहेराहून आणलेली मशीन ओटीवर मांडली आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसली.

गिऱ्हाईक यायचे, पण फाटके घेऊन. शाळेच्या शर्टाची बटणे, साडीचा फॉल, उसवलेली उशी. नवा ब्लाउज कोणी देत नव्हते. डहाणूच्या बायका म्हणत, "हात चांगला आहे हो तिचा, पण कापडाला बोंबलाचा वास येतो." त्यात खोटे काही नव्हते. ओटीच्या एका टोकाला मशीन आणि दुसऱ्या टोकाला सासूच्या सुक्या बोंबलांच्या टोपल्या. देवकी कापड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची, पिशवी पेटीत ठेवायची, तरी वास आपली वाट काढायचा.

सासूचे नाव लाडकी, बोलणे मात्र तसे नव्हते. दोन वर्षे तिने बघितले आणि तिसऱ्या दिवाळीला सांगून टाकले, "होळीपर्यंत बघ. नाहीतर ती मशीन वीक आणि माझ्यासंगं मासळी सुकवायला चल. बटणं लावून कोणी बाई शिंपीण होत नाही." नारूने जाळ्याची गाठ सोडवता सोडवता मान हलवली. कोणाच्या बाजूने हलवली, ते देवकीला कळले नाही.

त्याच हिवाळ्यात निर्मलावहिनी वरोरला आली.

निर्मला कैनाडची. तिचा नवरा दिपकभाऊ पंचायत समितीचा सभापती झाला आणि ती एका दिवसात तालुक्याची वहिनी झाली. त्याआधी ती चिकूच्या वाडीत रोजावर जायची. लांब बांबूला जाळी बांधलेली बेडणी घेऊन झाडाखाली उभी राहायची आणि मान वर करून दिवस काढायची. म्हणून असेल, सभापतीची बायको झाल्यावरही ती मान वर करूनच चालायची. बायकांचे डोळे तिच्यावर खिळून असत. पहिल्या वर्षी लोकांनी भेट दिलेल्या चकचकीत साड्या तिने पेटीत ठेवल्या आणि तलासरीच्या बाजारातून घेतलेली चौकड्यांची सुती साडी नेसून ती झेंडावंदनाला गेली. महिन्याभरात डहाणूच्या जिग्नेशशेठच्या दुकानात चौकडा उरला नाही. तो हात जोडून म्हणायचा, "वहिनी, काय नेसणार ते आठ दिवस आधी सांगत जा. माल भरायला बरं पडतं."

तर ही निर्मला वरोरच्या बायकांशी मासळी सुकवायच्या ओट्यांबद्दल बोलायला आली आणि गाडीतून उतरताना तिच्या ब्लाउजची शिवण काखेपासून उसवली. कोणीतरी तिला देवकीच्या घरात आणले. देवकीने पाच मिनिटांत शिवण घातली. तेवढ्या वेळात निर्मलेचे लक्ष भिंतीला टाचलेल्या एका चिंधीकडे गेले. त्यावर हिरव्या दोऱ्याची एक वेल होती.

"हे कोणी केलं?"

"मीच. उगाच, हाताची सवय मोडू नये म्हणून."

निर्मलेने चिंधी नाकाजवळ नेली. देवकीला वाटले, जमीन फाटेल तर बरे.

"बोंबील," निर्मला हसली. "माझ्या घरी चिकूचा वास, तुझ्या घरी बोंबलाचा. पोट भरतं त्याचा वास येणारच गो बाय. बोर्डीला शेतकऱ्यांचा मेळावा आहे, पुढच्या रविवारी. मला एक ब्लाउज शिव. एका बाहीवर चिकूची फांदी काढ, फळासकट. खरी दिसली पाहिजे, मी जन्मभर तीच बघितलीय."

देवकीने त्या आठवड्यात दुसरे काम हातात धरले नाही. मूठभर पाने समोर ठेवली आणि जून पान, कोवळे पान असे दोन हिरवे दोरे निवडले. चिकूच्या सालीचा रंग एका दोऱ्यात सापडेना, म्हणून तपकिरी आणि राखाडी दोरे एका सुईत ओवले. सासू येता-जाता बघायची आणि होळीला उरलेले दिवस बोटांवर मोजायची. तेच देवकीला जास्त लागायचे.

रविवारी सकाळी ब्लाउज घेऊन ती एसटीने बोर्डीला पोचली. मेळाव्याचा मांडव शाळेच्या मैदानात होता. एका वर्गात बाके सरकवून निर्मला तयार होत होती. सोबत तिची नणंद संगिता होती. निर्मलेने ब्लाउज घातला. मापात बोटभर फरक नव्हता. फांदीच्या एका फळावरून तिने बोट फिरवले. मग तिने साडी नेसली, निऱ्या खोचल्या आणि सवयीने पदर डाव्या खांद्यावर टाकला.

फांदी दिसेनाशी झाली. पाने, फळे, आठ दिवस, सगळे पदराखाली गेले. उजवी बाही कोरी करकरीत उघडी राहिली.

देवकीला त्या वेळी उमगले, की भाविनीबेनच्या बायका पदर मागून उजव्या खांद्यावर पुढे घेतात, म्हणून त्यांची डावी बाही उघडी असते. आणि आपल्या बायका पदर डावीकडे घेतात. स्वतः रोज तसाच पदर घेऊनही तिच्या हाताला ते सुचले नव्हते.

संगिताने कमरेवर हात ठेवले. "काय गो, चिकू पदराखाली पिकत घातलेस काय? गवत पण आणायचं होतंस थोडं!"

"वहिनी, माझा हात चुकला," देवकी म्हणाली. "उंबरगावची सवय. तिकडे डाव्याच बाहीवर करतात. तुम्ही जुना ब्लाउज घाला. हा मी उसवून देते."

निर्मलेने तिच्याकडे बघितले, मग आरशाकडे. बाहेर माइकवर तिच्या नवऱ्याचे नाव पुकारले जात होते.

"तिकडच्या बाया पदर कसा घेतात?"

"मागून. उजव्या खांद्यावरून पुढे."

"मग घाल तसा."

"वहिनी, वेड लागलं का तुला?" संगिता पुढे आली. "लोक म्हणतील सभापतीची बायको गुजराती झाली! बाहेर पेपरवाले आहेत. दादाला तरी विचार."

"खांदा माझा आहे ना? त्याला काय विचारायचं?" निर्मलेने पदर सोडून देवकीच्या हातात दिला. "घाल गो. हात कापू देऊ नको."

देवकीने निऱ्या पुन्हा घातल्या, पदर मागून घेतला, उजव्या खांद्यावरून पुढे सोडला आणि टाचणी लावली. डाव्या दंडावर फांदी उघडी झाली.

निर्मला मंचावर चढली आणि मांडवात कुजबुज सुरू झाली. दिपकभाऊंनी बायकोकडे बघितले आणि भाषणाचा कागद उगाच दोनदा उलटसुलट केला. सूत्रसंचालन करणारा नितीन जिभेने जरा जास्तच चपळ. तो माइकवर म्हणाला, "आज वहिनींनी बाजू बदललेली दिसते. नुसता पदरच बदललाय ना, की पक्ष पण?"

मांडव हसला. मागच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या देवकीने डोळे मिटले. आता वहिनी शिंपिणीची चूक म्हणून सांगणार, आणि वरोरला पोचायच्या आधी ती गोष्ट पोचलेली असणार. मशीन घ्यायला गिऱ्हाईकसुद्धा सासूने बघून ठेवले होते.

निर्मलेने माइक मागून घेतला. भाषण तिला येत नव्हते, ती नुसती बोलली.

"नितीन, पदर डावीकडे घेतला असता तर हे काम झाकलं असतं." तिने दंड पुढे केला. "एका बाईने आठ दिवस यात डोळे घातलेत. झाकायला नाही घातले. वाडीतल्या बायांनी बघून सांगा, फळ खरं आहे का नाही."

पुढच्या रांगेतून एक म्हातारी ओरडली, "देठ बी बरोबर हाय गो!"

"वरोरची देवकी आहे ही. नारू खलाशाची बायको. कुठे गेलीस? पुढे ये ना, लपतेस कशाला?"

शे-पन्नास माना मागे वळल्या. देवकीला पुढे जाता आले नाही. तिने खांब घट्ट धरून ठेवला. पण तिला सगळ्यांनी बघितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा ओटी तिला मोठी वाटली. सासूने बोंबलाच्या टोपल्या एकटीने उचलून मागच्या अंगणात नेल्या होत्या आणि ओटी पाण्याने धुतली होती. "गिऱ्हाईक बसणार कुठे?" एवढेच ती म्हणाली आणि विळी घेऊन आत गेली. त्या दिवसापासून होळीचे नाव घरात निघाले नाही.

गिऱ्हाईक आले. आधी वाडीतल्या बायका, मग बोर्डीच्या मास्तरीणबाई, मग तलासरीच्या नवऱ्या मुली. सगळ्यांना डावी बाही हवी आणि पदर वहिनीसारखा उजवा. कोणाला चिकू, कोणाला नारळ, एकीला तर पापलेट पाहिजे होते. जिग्नेशशेठने दुकानातल्या पुतळीचा पदर फिरवला. संगितासुद्धा पुतणीच्या हळदीसाठी कापड घेऊन आली आणि जणू काही बोललीच नव्हती अशी चहा पिऊन गेली.

देवकी शिवत राहिली, पण मनात एक काटा होता. लोक ज्याला तिची कला म्हणत होते ती तिची चूक होती, हे तिने कोणाला सांगितले नव्हते. निर्मलावहिनीचे आभारही नीट मानले नव्हते. मोठ्या माणसाच्या दारात गाड्या उभ्या असतात, मध्येच कुठे शिरायचे?

मग दिपकभाऊंची मुदत संपली, दुसरा सभापती आला, आणि दारातल्या गाड्या गेल्या. तेव्हा देवकी पापलेटची जोडी पिशवीत घालून कैनाडला गेली. निर्मला अंगणात बसून चिकू निवडत होती. लहान वेगळे, मोठे वेगळे. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आणि पदर कमरेला गुंडाळलेला, ना डावा ना उजवा.

"वहिनी, त्या दिवशी तुम्ही चूक म्हणाला नाहीत," देवकीने उभ्या उभ्याच सांगून टाकले. "माझं घर उभं राहिलं त्याच्यावर. पण लोकांना मी अजून खरं सांगितलं नाही. फसवल्यासारखं वाटतं."

निर्मला हसायला लागली ती थांबेना. "अगं, सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे! संगिताच्या पोटात काय राहतं? त्याच संध्याकाळी तिने बोर्डीच्या स्टँडवर सांगितलं."

"म्हणजे बायांना ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं आणि तरी आल्या. काम चांगलं होतं म्हणून आल्या." निर्मलेने हातातला चिकू मोठ्यांच्या ढिगात टाकला. "मी वाडीत नवी होते तेव्हा एक टोपली कच्ची उतरवली. मुकादमाने सगळ्यांसमोर ती टोपली मातीत ओतली. फळ गेलं त्याचं काही नाही, पण पुढे वर्षभर बेडणी उचलली की माझा हात थांबायचा. त्या वर्गात तुझे हात बघितले ना, तेव्हा तेच आठवलं. बस आता, उभी काय राहिलीस?"

देवकी बसली. तिला बोलायचे खूप होते. एसटीत येताना तिने ते शब्दाशब्दाने जुळवले होते. त्याऐवजी तिने पापलेटची जोडी काढून वहिनीपुढे ठेवली. ती चिकूच्या ढिगाकडे सरकली आणि निवडायला लागली.

जरा वेळाने निर्मला म्हणाली, "माझं माप नव्याने घे. खुर्च्यांवर बसून जाड झाले होते, आता परत वाडीत जाऊन उतरले. एक साधा शिव, रोजचा."

"उद्या संध्याकाळी आणून देते."

"उद्या? तुझ्याकडे किती बाया थांबल्यात?"

देवकी थोडी लाजली. "बावीस."

"त्यांची लग्नं आहेत. माझं काय आहे? त्यांचं आधी कर, मला शेवटी लाव."

"असं कसं, वहिनी? तुम्हाला मी थांबवू?"

"थांबव की," निर्मला म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता आणि तो लपवायची तिने तसदी घेतली नाही. "सांगेन मी वाडीत, देवकीकडे मलासुद्धा महिना थांबावं लागतं."

देवकीने पिशवीतून वही काढली. बावीस नावांखाली तिने सावकाश, ठळक अक्षरात तेविसावे नाव लिहिले.