शिक्का वजिराचा, सही माझी

बिदरच्या स्टँडवरून हॉलंडला निघालेला आमच्या खानदानातला पहिला माणूस मी. पुण्याची एसटी कुठली, तेही बाबांनी दाखवलं, कारण मला पाटी वाचता येत नाही.

बाबा बिदरच्या जुन्या मदरशाचे रखवालदार. बहमनी सुलतानाच्या दरबारात इराणातून आलेला एक वजीर होता, त्यानं तो बांधला. मोठा विद्वान, खोल्या भरून पुस्तकं. मी दारात चहा विकायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबांकडून ऐकलेली त्याची गोष्ट सांगायचो. दुश्मनांनी वजिराच्या शिक्केवाल्याला दारू पाजली, कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला आणि वर फितुरीचं पत्र लिहिलं. वजीर म्हणाला, शिक्का माझा, मजकूर माझा नाही. सुलतानानं ऐकलं नाही, मान उडवली. पुण्या-मुंबईच्या बायका डोळे पुसायच्या. चहा गार व्हायचा.

एसटी हलली तसे बाबा खिडकीशी धावत आले. "कोऱ्यावर सही करू नको रे!"

मी हसलो. सही तर मी पासपोर्टपुरती नुकती शिकलेलो.

हॉलंडात रायस्वाइक गावी एका हॉटेलात तंदूरवर लागलो. इथं सगळ्याला सही. खेमेन्ते म्हणजे इथली नगरपालिका, तिथं सही, डॉक्टरकडं सही. जन्मभर अंगठा उठवलेल्या माणसाची चंगळच! जीभ बाहेर काढून करायचो, शेवटची वेलांटी लांब ओढायचो. एकदा मालकानं तीन कागद आणले, दोन भरलेले, एक कोरा. "परमिटला लागतो," म्हणाला. खरं सांगतो, कोऱ्यावरची सही सगळ्यांत झ्याक आली. जागा होती ना.

यंदा बायको आणि पोरगी यायच्या होत्या. पोरीसाठी लाल सायकलसुद्धा घेतली. त्यांच्या कागदांसाठी मालकाकडं नोकरीचं पत्र मागितलं, तर त्यानं तोच कोरा कागद काढला, आता भरलेला. पार्सल न्यायला येणाऱ्या देशपांडे ताईंनी वाचून दाखवला. पुण्याच्या त्या, कॉम्प्युटरवाल्या, हेही त्याच लिहून घेतायत. मी स्वखुशीनं नोकरी सोडतोय, असं होतं. खाली माझी सही, वेलांटीसकट. मालकाच्या मेहुण्याला तंदूर जमायला लागला होता.

नोकरी गेली की परमिट जातं, परमिट गेलं की त्या दोघींचं येणंही. परमिटच्या ऑफिसातल्या बाईला ताईंकरवी सांगितलं, सही माझी, मजकूर माझा नाही. बोलून गेल्यावर वजीर आठवला. बाई भली होती, पण तिनं कागदच बघितला. दुसरा मालक शोधायला थोडे दिवस मिळालेत. उद्या युट्रेख्टला एकाकडं जायचंय. पोरगी फोनवर विचारते, सायकलला घंटी आहे का? आहे म्हणतो.

आधी घर म्हणजे मदरशामागच्या आमच्या दोन खोल्या वाटायच्या. आता वाटतं, सही करायच्या आधी "थांब, बघू" म्हणणारं कुणी असेल, ते घर. इतकी वर्षं गोष्ट सांगितली, पण वजिराला तसं कुणी होतं का, हे बाबांना विचारायचं कधी सुचलं नाही.

काल फोनवर बाबांना सगळं सांगितलं. म्हटलं, "बाबा, माझी गत वजिरासारखीच झाली बघा."

"वजिराचं नाव काढू नको," बाबा म्हणाले. "तिथं शिक्केवाल्याला दारू तरी पाजावी लागली. तुला नुसता पेन दाखवला."