काकडांशिवाय शेवळं

धंदा बुडाल्याचं मला फारसं दुःख नाही, असं मी चारचौघांत सांगते. ते साफ खोटं आहे. दुःख झालं, चांगलं ढसाढसा रडण्याइतकं झालं. पण त्याची सवय होते. ज्याची सवय होत नाही ते लिहायला आज बसले आहे, आणि बसल्यापासून दोनदा उठून चहा करून आले, यावरून काय ते समजा.

खोपोलीच्या एका कंपनीतली नोकरी सोडून मी रानभाज्यांचा धंदा सुरू केला. मी कर्जतची, भातशेतीवाल्या घरातली. नेरळला नवे टॉवर उठत होते, तिथं मुंबईची कुटुंबं राहायला येत होती. त्यांच्या दारात ताज्या, निवडलेल्या रानभाज्या पोचवायच्या, ही माझी कल्पना. भाज्या आणायच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या ठाकरवाडीतल्या बायका. त्यांच्यात एक मावशी होती. मी शाळेत असल्यापासून ती आमच्या दारी टोपली घेऊन यायची. वाडीतल्या बायकांना रानात काही नवखं सापडलं की त्या ते मावशीपुढे आणून टाकायच्या. ती नुसती बघून सांगायची, हे खायाचं, हे नाय. तिच्या शब्दावर कुणी दुसरा शब्द काढत नसे. त्यामुळे वाडीत तिला मान होता, आणि नेरळच्या बाजारात तिच्या टोपलीभोवती गिऱ्हाईक असायचं.

मी तिचा हसरा फोटो काढून प्रत्येक खोक्यावर चिकटवला. खाली लिहिलं, 'रान ओळखणारी मावशी'.

"ह्या थोबाडाला बघून कोन भाजी घेनार गं?" ती म्हणाली. पण ते खोकं तिनं घरी नेऊन फळीवर ठेवलं.

मे संपत आला की शेवळं येतात. जमिनीतून वर आलेले जांभळट तपकिरी कोंब. भाजी अशी लागते की मटणाची आठवण होत नाही. पण ती खाजरी. आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि शिजवताना काकडं घालायची. काकडं म्हणजे आवळ्याहून लहान, आंबट, हिरवी फळं. ती पडली की खाज मरते. म्हणून शेवळांची जुडी विकणारी बाई सोबत मूठभर काकडं देतेच. न मागता देते.

मीही पहिल्या आठवड्यात दिली. तर काकडं खोक्यात गडगडायची, वरचा पारदर्शक कागद फाडायची, दुसऱ्या दिवशी काळी पडायची. एका बाईंनी मला विचारलं, "ही कचऱ्यासारखी फळं वजन वाढवायला घालता का हो?" झालं! माझा राग कायम नाकावर. रात्रंदिवस खपून मी ते खोकं सुंदर केलं होतं आणि त्याला ही बया कचरा म्हणते! पुढच्या वेळी वाडीवर गेले तेव्हा मी मावशीला म्हटलं, काकडं बंद करू या, खोक्यात कृतीचं कार्ड टाकू आणि त्यावर लिहू की चिंच घाला.

"काकडांबिगर शेवळं देऊ नको गं बाय. नरड्याला लागंल लोकांच्या."

"शिकलेली माणसं आहेत मावशी. वाचून करतील."

"वाचून खाज जाते व्हय?"

सगळ्या बायका खो खो हसल्या. मीही हसले आणि म्हटलं, बरं बाई, घालते. घरी आल्यावर काकडांची पिशवी मोरीजवळ ठेवली आणि खोकी त्यांच्याशिवाय, नुसतं चिंचेचं कार्ड टाकून भरली. भरायला मी एकटीच होते. कुणी पाहिलं नाही.

शनिवारी खोकी गेली. रविवारी दुपारी ग्राहकांचा ग्रुप पेटला. कुणाचा घसा धरला होता, कुणाच्या आजोबांना पाणी गिळवत नव्हतं, एका मुलीचे ओठ सुजले होते. फोटोवर फोटो. 'विषारी आहे का?' 'पोलिसात द्या.' संध्याकाळपर्यंत सगळे बरे झाले, पण मला तेव्हा ते कुठं ठाऊक होतं? मला एवढंच दिसत होतं की चूक माझी आहे हे कळलं तर सगळं संपलं. मग मी लिहिलं, 'आमच्या भाजी आणणाऱ्या मावशींची ओळखण्यात चूक झाली. त्यांच्याकडून भाजी घेणं आजपासून बंद करत आहोत.'

दोन मिनिटं लागली मला. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. आणि कोण मावशी हे कुणाला विचारावं लागलं नाही, तिचा चेहरा प्रत्येकाच्या फ्रिजमधल्या खोक्यावर होता.

दुसऱ्या दिवशी वाडीवर गेले. बायका गोळा झाल्या होत्या. मी मान खाली घालून सांगितलं की मावशी, तुझ्या जुडीत काहीतरी भलतं आलं.

"काकडं घातली व्हतीस ना?" तिनं विचारलं.

"घातली होती."

"मंग कंची जुडी? दाव बघू."

"फेकून दिली."

मला वाटलं, आता ही माझी खरडपट्टी काढणार. तसं झालं असतं तर मी तिथंच सगळं कबूल केलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालते. पण ती टोपलीतलं एक शेवळ उचलून डोळ्यांजवळ नेऊन बघू लागली. बाकीच्या बायका एकेक करून उठल्या.

एवढं करूनही धंदा दिवाळीपर्यंतसुद्धा टिकला नाही. दुसरी नोकरी धरली. मावशीचं काय झालं हे मी विचारलं नाही. नेरळच्या बाजारातून जायची वेळ आली तर मी वळसा घालून जात असे.

दोन वर्षांनी खोपोलीच्या एका कॉलेजात मला बोलावलं. विषय, अपयशातून शिकताना. हल्ली बुडालेल्यांनाही शाल-श्रीफळ मिळतं! मी छान बोलले. पडद्यावर धडे दाखवले. तिसरा धडा होता, 'माल कुठून येतो यावर बारीक लक्ष ठेवा.' शेवळांचा किस्सा सांगितला, तोच, ग्रुपवर लिहिलेला. हशा पिकला. टाळ्या पडल्या. मग एक मुलगी उठली. "मॅडम, त्या मावशी आता काय करतात?"

मी म्हटलं, "कल्पना नाही." आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. पण त्यानंतर काय बोलले ते मला आठवत नाही. घरी येऊन ती शाल कपाटात कोंबली. मला स्वतःची शिसारी आली होती. धडे शिकवायला गेले होते, आणि खोटं तेवढं जसंच्या तसं जपून ठेवलं होतं.

सकाळी उठून वाडीवर गेले. मावशी अंगणात काटक्या मोडत बसली होती. मला बघून तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तो घेतला नाही. उभ्या उभ्याच म्हटलं, "मावशी, मी काकडं घातली नव्हती. तुझी शेवळं बरोबर होती. मी खोटं बोलले."

तिनं हातातली काटकी खाली ठेवली.

"घातलीच नव्हतीस?"

"नाही."

"मंग माझं डोलं?"

मला कळलंच नाही. "डोळ्यांचं काय?"

"लेकानं पनवेलला नेलं मला, डोलं दावाया. डाक्टर म्हनला, काय झालं नाय आजी, डोलं धड हायत. मी म्हनलं, ह्यो डाक्टरच येडा हाय. एवढ्या मानसांना बाधलं, आन् ह्यो म्हनतो डोलं धड." ती थांबली. "रानात जायाचं सोडलं मी बाय. वाटलं, आज खाज सुटली, उद्या कुनी मरंल माझ्या हातानं."

मी रडायला लागले. ती नाही रडली. तिचा आवाज चढला.

"मला काय सांगतीस? मला सांगून काय व्हनार? सुनंला सांग." आणि तिनं घराकडे तोंड करून हाक मारली, "ये गं भायेर! ही बाय काय सांगते ते आयक!"

सून आली. हातात निवडायला घेतलेली माठाची भाजी होती. मी डोळे पुसले. शंभर-दीडशे पोरांपुढे घडाघडा बोललेली मी, एका बाईपुढे अडखळत बोलू लागले. शेवटी सांगितलं. सगळं. काकडं, ग्रुप, जुडी फेकून दिल्याची थाप.

माझ्याकडे सुनेनं पाहिलंही नाही. सासूकडे पाहून म्हणाली, "दोन वर्सं झाली, मी म्हातारीला चुलीजवल येऊ देत नाय. तिनं निवडलेली भाजी तिच्या म्होरंच कोंबड्यांना टाकते."