टाकलेली, पळालेली, सोडून आलेली

आक्का घरी परत आली तेव्हा मी नववीत होते. कारखान्याचा गळीत हंगाम चालू असावा, कारण तिच्या साडीला मळीचा आंबूस वास येत होता. तिचा नवरा अंकुशनगरला साखर कारखान्यात फिटर. राहायला क्वार्टर, दारात नळ, महिन्याला पगार. आमच्या आष्टीत असं स्थळ मिळालं की पोरीनं नशीब काढलं म्हणायचे. आक्का माहेरी यायची तेव्हा तिच्या पाठीवर वळ असायचे. आई त्यांना हळद लावायची आणि सणवार झाला की तिला परत गाडीत बसवून द्यायची.

या वेळी ती एकटीच आली, एक पिशवी घेऊन, दोन गाड्या बदलून. दादा, म्हणजे आमचे वडील, ओट्यावर बसले होते. न सांगता निघालीस का, असं त्यांनी विचारलं.

"सांगून आले," आक्का म्हणाली. "तुमच्याजवळ राहायचं न्हाई म्हन्ले. त्यांला ड्यूटीवर जायचं व्हतं, ते गेले. मंग मी बी निघाले."

 आत जाऊन पाणी पी, दादा म्हणाले. मला वाटलं, मिटलं.

कुठलं मिटतंय. सुरुवातीला आई सांगायची की लेक चार दिवस आरामाला आली आहे. पुढे तिकडून बातमी आली, जावयानं दुसरी बायको आणली. बायको पळून गेली, असं त्यानं सगळीकडे सांगितलं होतं. त्या दिवसापासून आईनं आपला शब्द ठरवला. शेजारणीजवळ ती डोळ्याला पदर लावून म्हणाली, "टाकली वं माझ्या लेकीला." शेजारीण चुकचुकली, आईच्या पाठीवरून हात फिरवला. आईला बरोबर कळलं होतं. टाकलेलीची लोक कीव करतात. सोडून आलेलीच्या धाकट्या बहिणीला मात्र कोणी करून घेत नाही. धाकटी म्हणजे मी.

अशी आक्का अंकुशनगरात पळालेली आणि आष्टीत टाकलेली झाली. तिला कोणी काही विचारलं नाही. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. ती कापूस वेचायला जायची, भाकरी करायची, आणि आई दारात कोणाशी बोलत असली की भांडी जरा जोरात घासायची.

आमच्या इंग्रजीच्या सरांना समानार्थी शब्दांचं वेड होतं. एके दिवशी त्यांनी फळ्यावर 'लीव्ह' लिहिलं. पोरं ओरडली, रजा. सर म्हणाले, ते नाम झालं, क्रियापद सांगा. कोणाला सांगता येईना, मग तेच एकेक लिहीत गेले. डिपार्ट म्हणजे निघणे, क्विट म्हणजे नोकरी सोडणे, अबँडन म्हणजे टाकून देणे. शेवटी वाक्य दिलं, 'ही लेफ्ट हिज वाइफ', त्याने बायको टाकली. मुलींच्या रांगेतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सर परगावचे, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

माझे कान तापले होते. तरी मी उभी राहिले आणि विचारलं, बाईच निघून आली तर काय म्हणायचं?

"शी लेफ्ट हर हजबंड. कर्ता बदलला. क्रियापद तेच," सर म्हणाले आणि पुढच्या शब्दाकडे गेले.

शाळा सुटल्यावर मी घरी पळत आले. आक्का चुलीपुढे होती. मी तिला वाक्य म्हणून दाखवलं, अर्थ सांगितला.

"बाईला बी त्योच शब्द हे का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, तोच. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि पुन्हा एकदा म्हण म्हणाली. स्वतः म्हणताना तिच्या तोंडात तो शब्द 'लेफ' इतकाच राहायचा.

माझी बारावी झाली आणि धावड्याहून पाहुणे मला बघायला आले. घरी शेती, मुलगा मास्तर. सगळं जमत आलं होतं. मुलाच्या आत्यानं सहज विचारलं, मोठीला कुठं दिली? आईचा पदर लगेच डोळ्याला गेला. "तिच्या नशिबात न्हवतं. टाकलं बघा त्यानं."

आक्का चहा घेऊन येत होती. तिनं ताट खाली ठेवलं.

"मला कोनी टाकलं न्हाई," ती म्हणाली. "त्यो मारायचा. मी सोडून आले."

आवाज चढलेला नव्हता. पाहुण्यांनी चहा मात्र पूर्ण घेतला. आठवड्यानं त्यांचा नकार आला. आई आक्काला म्हणाली, तुझं झालंच, आता हिचं बी वाटोळं कर. मला त्या मास्तराचं सुखदुःख नव्हतं, मला पुढे शिकायचं होतं. मी तसं म्हटलं तर आईनं मला गप्प केलं. दादा उठून शेताकडे गेले. दादांनी नेहमी हेच केलं.

आक्का महिन्याच्या आत जालन्याला गेली. बियाण्याच्या कंपनीत बी निवडायला बाया लागायच्या, तिथं लागली. जुन्या जालन्यात एक खोली घेतली. घरमालकीण म्हातारी, घरात उर्दू बोलणारी. तिनं पहिल्याच दिवशी आक्काला विचारलं, आदमी किधर है? आक्का म्हणाली, छोड दिया. तुमने के उसने? मैंने. "अच्छा किया," म्हातारी म्हणाली आणि किल्ली दिली. हे मला सांगताना आक्का हसली होती. तिला तसं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मी डी.एड. केलं, परतूरजवळ शिक्षिका झाले, लग्नही झालं. दादा वारले. दोन हजार सालानंतर कधीतरी आक्काला कावीळ झाली आणि ती आठवड्यात गेली. मी तिला जालन्याहून आष्टीला आणलं.

अंगणात बायांनी तिला हिरवी साडी नेसवली, हिरवा चुडा भरला, कपाळभर कुंकू लावलं. नवरा जिवंत, म्हणून सवाष्ण. मी म्हटलं, हे करू नका, तिनं त्याला सोडलं होतं. आईनं माझा हात धरला. "अहेवपणी गेली माझी लेक. तेवढं तरी तिला मिळू दे."

कोणीतरी त्याला फोन केला होता. तो आला. केस पांढरे, पोट सुटलेलं. मी ओळखलं नाही, बाकीच्यांनी ओळखलं. जाणती माणसं बाजूला सरली आणि तिच्या तोंडात पाणी घालायला त्यांनी त्याला पुढे केलं. त्यानं घातलं.

तेराव्याला तो पहिल्या पंगतीत बसला. आई स्वतः वाढायला उठली. कंबरेत वाकलेली, तरी परात घेऊन रांगेतून फिरली आणि त्याच्यासमोर थांबली. अजून एक पुरी घ्या, म्हणाली. त्यानं नको म्हणून पानावर हात आडवा धरला. आईनं आग्रह केला. मग त्यानं घेतली.