लेकरू ज्याच्याकडं, घर त्याच्याकडं

आईविरुद्ध बोलायला लेकराला कोण शिकवत असेल, असं तुम्हाला वाटतं? एखादा क्रूर माणूस?

बीदरच्या कोर्टात एका वकिलाचे मुन्शी, म्हणजे कारकून, आहेत; ते मुळीच तसे नाहीत. बहिणीच्या पोटगीच्या तारखेला मी गेलो की तेच आधी विचारतात, "चा घेतलाव का, अप्पा?" घटस्फोटातला एखादा पक्षकार लेकराला घेऊन आला, की ते लेकराचं नाक स्वतःच्या रुमालानं पुसतात, चहा बशीत निववून पाजतात आणि मग शिकवणी घेतात. "लेकरू ज्याच्याकडं, घर त्याच्याकडं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मागच्या तारखेला औरादची एक सहा वर्षांची पोरगी बापाबरोबर आली होती.

"जज्जसाहेबांनी इचारलं तर कुणापाशी राहायचं म्हणशील?" मुन्शींनी तिला विचारलं.

"आईपाशी."

"न्हाई बाळा, पप्पापाशी. आई मारती म्हणायचं."

"मारत न्हाई की ओ."

"म्हणायचं असतंय."

"मग आई कुठं झोपंल?"

मुन्शींनी बशी तिच्या ओठांशी नेली.

मी म्हणालो, "काका, हे पाप आहे."

"कोर्टात पाप चालत न्हाई अप्पा, पुरावा लागतोय."

साहेबांसमोरून बाहेर आल्यावर पोरगी भिंतीशी उभ्या असलेल्या आईकडं गेली नाही. ती मुन्शींकडं धावली. "बरोबर म्हणले का ओ मी?" त्यांनी तिच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला.

तुमच्या घरात असा खटला चालू असेल, तर लेकराकडून उत्तर पाठ करून घेऊ नका. आणि दुसरं कुणी घेत असेल, तर तिथंच अडवा.