बसकाकांना पसंत पडलेली गाडी

जुनी गाडी घ्यायची झाली की आधी बसकाकांना विचारायचं, हा त्या वस्तीतला अलिखित कायदाच होता. काका जन्मभर शाळेची बस चालवत आले. त्या बसमध्ये एकमेकांच्या वेण्या ओढणारी आणि डबे सांडणारी पोरं आता डॉक्टर-वकील झाली, काहींना टक्कलही पडलं, तरी गाडी घ्यायची म्हटलं की काकांचं बोट धरूनच निघायची. म्हणायला काका निवृत्त होते, पण सुट्टीच्या दिवशी ते घरात सापडतील तर शपथ.

त्यांची पद्धत ठरलेली. गाडी गार असतानाच बघायची. आपण पोचायच्या आत मालकाने इंजिन गरम करून ठेवलेलं असलं, तर बॉनेटवर हात ठेवून गोड हसायचं आणि परत फिरायचं. एरवी चारी टायरांवरून तळहात फिरवायचा, तेलाचं टोपण उघडून आत डोकवायचं, वास घ्यायचा. मीटरवरचा आकडा सगळ्यात शेवटी. आणि एवढं करूनही निकाल द्यायचा नाही. ज्याने त्या गाडीची देखभाल केली त्या मेकॅनिककडे जायचं, त्याच्याकडे चहा घ्यायचा आणि मगच बोलायचं. "मालक काय, विकायचं म्हणून गोडच बोलणार," काका म्हणायचे. "मेकॅनिकला मात्र स्वतःच्या कामाची बढाई मारायची असते. त्या नादात सगळं खरं सांगून टाकतो तो."

अशा कितीतरी गाड्या त्यांनी लोकांच्या दारात नेऊन उभ्या केल्या. स्वतःच्या दारात तेवढी एक सायकल होती, तीही मागच्या चाकात हवा नसलेली.

आणि काकूंना तर गाडी हवी होती. लग्न झाल्यापासून हवी होती. मिरवायला नव्हे हो! काकू शाळेचे गणवेश शिवायच्या. कापडाचं गाठोडं काखोटीला मारून स्टॉपवर ताटकळण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. मनात येईल तेव्हा निघावं, वाटेल तिथे थांबावं, आणि गाडी चालवणाऱ्या नवऱ्याच्या शेजारी बसून चार गप्पा माराव्यात, एवढीच त्यांची हौस. शाळेच्या बसमध्ये घरच्या माणसांना मनाई होती. जगाची पोरं वाहणाऱ्या नवऱ्याशेजारी बायको एकदाही बसली नव्हती.

काका नाही म्हणत नसत, ही खरी पंचाईत. काकूंनी गाडी सुचवली की ते लगेच बघायला जात आणि काहीतरी खोड काढून परत येत. एकीचं मीटर फार पुढे गेलेलं. दुसरीचं इतकं कमी की म्हणे संशयच यावा. तिसरीची देखभाल अगदी चोख, पण दार लावताना आवाज पोकळ येतो. चौथीत तर खोड सापडेना, तेव्हा तिचा रंगच अंधारात दिसायचा नाही. त्याच रंगाची गाडी महिन्यापूर्वी त्यांनी शेजारच्या वकिलाला घ्यायला लावली होती! काकू भांडल्या, रुसल्या, आणि शेवटी त्यांनी विषयच काढायचा सोडला. गाडी हवीशी वाटणं काही सुटलं नाही.

एक दिवस दातांची डॉक्टर दवाखान्याचे पांढरे कोट शिवून घ्यायला आली. ही काकांच्या बसमधली, कायम पुढच्या सीटवर बसून बडबडणारी. माप घेता घेता काकूंनी तिच्यापाशी मन मोकळं केलं. तिने ऐकून घेतलं आणि हात न हलवता उभं राहायला सांगितलेलं असताना टाळीच वाजवली.

"काकू, काकांना तुमच्यासाठी गाडी पसंत पडत नाही ना? मग माझ्यासाठी पडू दे. गिऱ्हाईक मी बनते. त्यांनी हो म्हटलं की तुम्ही पुढे या."

काकूंनी तोंडावर हात धरला आणि मशीनवर बसून पोट धरधरून हसल्या. शिलाईचे साठवलेले पैसे होतेच.

ठरलेल्या सकाळी तिघं निघाली. "घरात बसून कंटाळा आलाय, मीही येते," असं म्हणून काकू बरोबर आल्या. पहिली गाडी एका बंगल्यात होती. नवी कोरी वाटावी अशी चकचकीत, अंगावर खोळ घातलेली, मीटरही नावालाच फिरलेलं. डॉक्टरीण हरखली. काकूंचाही जीव तिच्यात अडकला. काकांनी सगळं पाहिलं आणि बंगल्याच्या मालकांना विचारलं, "तेल कधी बदललं होतं?"

"अहो, गाडी चाललीच कुठे!" मालक अभिमानाने म्हणाले. "बाजारात गेली आणि परत आली. मेकॅनिकचं तोंड बघायची वेळ आली नाही हिला."

काकांनी नमस्कार केला आणि चालू लागले. काकू मान वळवून गाडीकडे बघत मागोमाग निघाल्या. आता दुसरीलाही असंच नाक मुरडलं तर सगळंच मुसळ केरात.

दुसरी गाडी चष्मेवाल्याची. हा माणूस गावोगाव जाऊन लोकांचे डोळे तपासायचा. गाडीचा रंग उन्हाने विटलेला, दारावर एक ओरखडा आणि मीटरचा आकडा असा की डॉक्टरणीने काकूंकडे वळून डोळे विस्फारले. चष्मेवाल्याच्या दुकानात खुर्चीवर गिऱ्हाईक बसलेलं होतं, त्यामुळे त्याने किल्ली काकांच्या हातात दिली आणि मेकॅनिकचा पत्ता सांगितला. काकांनी बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. किल्ली फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, आणि काकांची मान किंचित कलती झाली. ही खूण काकूंना ठाऊक होती. त्यांना आमटी आवडली की मान अशीच कलायची.

गिऱ्हाईक म्हणून डॉक्टरीण पुढे बसली, काकू मागे, आणि तिघं त्याच गाडीतून मेकॅनिककडे पोचली. त्याने चहा मागवला आणि बढाई सुरू केली. "टायमिंग बेल्ट मी वेळेआधी बदलला. मालक म्हणाला, राहू दे. मी म्हटलं, मग गाडीच नेऊ नका! क्लच नवा आहे. तेलाचा तर माझ्याकडे नियमच आहे, चुकला की मी घरी जाऊन उभा राहतो. एसी मात्र कुरकुरतो, खोटं कशाला बोलू."

काकांनी कप खाली ठेवला. काकूंना समोरचं काही दिसेना, नुसते काकांचे ओठ दिसत होते.

"पोरी, डोळे मिटून घे ही," काका म्हणाले. "मीटर बघून घाबरू नकोस. गाडी किती चालली ते मीटर सांगतं. तिला कसं ठेवलं ते कळायला इथेच यावं लागतं. ती बंगल्यातली गाडी बाजारापर्यंत जायची, इंजिन गरम व्हायच्या आत बंद व्हायची. वर तेल बदललेलं नाही. तेल काय किलोमीटर मोजत बसतं होय? पडून पडूनही खराब होतं ते. ही रोज लांब चालली आणि रोज हिच्याकडे कोणीतरी बघितलं. मीटर आणखी थोडं कमी असतं तर बरंच होतं, नाही कसं म्हणू? पण कमी मीटर आणि देखभालीच्या नावाने शून्य, यापेक्षा ही शंभर पटीने बरी. आणि एसी कुरकुरतो हे त्याने आपणहून सांगितलं ना? म्हणजे बाकीचंही खरं."

"नक्की ना, काका?"

"अगं, माझी मुलगी असती तर तिला घेऊन दिली असती!"

"मग काकूंना घेऊन द्या," डॉक्टरीण म्हणाली. "गिऱ्हाईक त्या आहेत."

मेकॅनिकला काहीच कळलं नाही, तरी तो हसला. काका मात्र बायकोकडे बघतच राहिले. मग उठले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "तसा तो ओरखडा जरा खोल आहे. आणि मीटर... मीटर तसं बरंच आहे हं."

"अहो!" काकू कडाडल्या. "आत्ता तुम्हीच डोळे मिटायला सांगितलंत!"

"ते तिच्यासाठी."

"आणि मी कोण परकी?"

काकांनी किल्ली या हातातून त्या हातात केली. "लोकांसाठी बघतो तेव्हा मी गाडी बघतो गं," ते हळूच म्हणाले. "तुझ्यासाठी बघायला गेलो की मला भलतंच दिसायला लागतं. कुठल्या तरी आडरस्त्यावर गाडी बंद पडलीय आणि तू उन्हात कडेला उभी आहेस. मग मेकॅनिकने शपथ घेऊन सांगितलं तरी माझ्या तोंडून हो निघत नाही. काय करू?"

एवढी वर्षं काकूंना वाटत होतं, या माणसाला आपली हौस कळतच नाही. आता त्यांना हसू आलं, रडू आलं, आणि रागही चांगलाच आला.

"मी कडेला उभी राहीन म्हणून गाडी घेतली नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि इतकी वर्षं मी कुठे उभी होते हो? कडेलाच ना? गाठोडं घेऊन, स्टॉपवर, एकटी! ही बंद पडली तर निदान तुम्ही शेजारी असाल."

 काका गाडीच्या पलीकडे गेले, पुढचं दार उघडून उभे राहिले, आणि दातांची डॉक्टर कोणी न सांगता मागच्या सीटवर जाऊन बसली.